स्पॅनिश येते, माळरान ओळखीचे आहे, पुढे काय?

प्रश्न : मी सोलापूरला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत आहे आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्यात पक्षी निरीक्षणासाठी नियमित जाते. ऑनलाइन वर्गांतून स्पॅनिश भाषाही बी-१ (मध्यम) पातळीपर्यंत शिकले आहे. मला परदेशात वन्यजीव संवर्धनाचे काम करायचे आहे, पण घरच्यांचे म्हणणे असे की भाषा येते तर दुभाषाची नोकरी धर आणि पक्ष्यांचा नाद सोड. संवर्धनात या भाषेचा खरोखर काही उपयोग होतो का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : उपयोग होतो, मात्र भाषा कधीही विषयाच्या ज्ञानाची जागा घेत नाही. संवर्धनाच्या कामासाठी माणूस निवडताना पक्षीगणना, सांख्यिकी आणि जीआयएस (संगणकावर भौगोलिक माहितीचे) नकाशे येतात का, हे आधी पाहिले जाते. तिथे दोन उमेदवार तुल्यबळ ठरले, की स्थानिक भाषा येणाऱ्याचे पारडे जड होते. म्हणून पक्षी सोडून भाषेमागे जाण्याचा घरच्यांचा सल्ला मला पटत नाही.

तुमच्या बाबतीत तर योग चांगलाच जुळून आला आहे. माळढोकाच्याच कुळातील ग्रेट बस्टर्ड या पक्ष्याची जगातील निम्म्याहून अधिक संख्या एकट्या स्पेनमध्ये आहे. त्याची मादी गहू-बार्लीच्या उभ्या पिकात जमिनीवरच अंडी घालते, त्यामुळे कापणी लवकर सुरू झाली की घरटे यंत्राखाली सापडते. शिवाय वीजवाहिन्यांना धडकून मरण्याचे जे संकट आपल्या माळढोकावर आहे, तेच त्याच्यावरही आहे. नान्नजच्या अभयारण्यात माळढोक आता क्वचितच दिसत असला, तरी गवत, चराई आणि कोरडवाहू शेती यांचा मेळ तुम्ही तिथे प्रत्यक्ष पाहिला आहे, आणि स्पेनमधील प्रश्न समजून घ्यायला तो अनुभव थेट कामाला येईल.

स्पेनमधील हे संवर्धनाचे काम खासगी शेतांवर चालते. कापणी केव्हा धरणार, कोणते रान पडीक ठेवणार, मेंढ्या कोणत्या बाजूला सोडणार, हे बांधावर उभे राहून शेतकऱ्याला विचारावे लागते, आणि तिथे पाठ्यपुस्तकातील स्पॅनिश अपुरी पडते. स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा आणि आंदालुसिया भागांत तर शब्दाच्या शेवटचा ‘स’ पुष्कळदा गिळलाच जातो. त्यामुळे आतापासून शेतीचे आणि हवामानाचे स्पॅनिश कार्यक्रम ऐकण्याची सवय लावा. मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच गल्लीत ऐकत मोठ्या झालेल्या सोलापूरकराला हे फार जड जाऊ नये.

कार्यालयीन कामातही ही भाषा उपयोगी पडते. वन्यजीव व्यापारावरील साइटीस करार, स्थलांतरित प्रजातींचा करार आणि आययूसीएन ही आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटना या तिन्ही ठिकाणी इंग्रजी व फ्रेंचबरोबर स्पॅनिशलाही अधिकृत स्थान आहे. स्थलांतरित प्रजातींच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात माळढोकाचा समावेश २०२० मध्ये गांधीनगरच्या परिषदेत झाला. बैठकीत इंग्रजीवर निभावते, पण लॅटिन अमेरिकेतील अभयारण्यांचे अहवाल आणि आराखडे बहुतांशी स्पॅनिशमध्येच असतात.

अडचण आहे ती परदेशात काम करण्याच्या परवान्याची. युरोपीय संघाबाहेरील व्यक्तीला स्पेनमध्ये थेट नोकरी मिळणे कठीण असते, आणि लॅटिन अमेरिकेतही क्षेत्रीय पदांवर स्थानिकांना आधी घेतले जाणे स्वाभाविक आहे. त्यामुळे शिक्षणाचा मार्ग अधिक सोयीचा. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस शिष्यवृत्तीच्या संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांची माहिती काढा. स्पॅनिशमधून शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी साधारणपणे बी-२ म्हणजे तुमच्या पुढच्या पातळीचा पुरावा लागतो. तो डेले या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेने मिळतो आणि त्या प्रमाणपत्राला मुदत नसते. परीक्षेची चौकशी नवी दिल्लीतील इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेस या स्पॅनिश भाषा-संस्कृती केंद्राकडे करता येईल. तोवर भाषांतराची फुटकळ कामे घेऊन परीक्षेचे शुल्क भागवायला हरकत नाही. घरच्यांचेही तेवढेच समाधान होईल.

बस्टर्डवर काम करणाऱ्या संशोधकांना पत्र लिहाल ते स्पॅनिशमध्येच लिहा, व्याकरण थोडे चुकले तरी चालेल, आणि त्यासोबत नान्नजच्या नोंदींचा एक पानी तक्ता जोडा.