गच्चीवर बाकं टाका, पण कठड्याला चिकटून नको

प्रश्न : ताई नमस्कार, आमच्या शाळेला मैदान नाहीच, चार मजली बिल्डिंग आहे, त्यामुळे गच्चीवरच पहिली ते सातवीच्या मुलांना खेळायला जागा करायची असं पालक-शिक्षक संघात ठरलंय. पण बसायला काय करायचं यावरून प्रत्येक मीटिंगला वाद. एकजण म्हणतात कठड्याला लागून चारी बाजूंनी विटांचा ओटा बांधा, वर कडप्पा टाका, मधली जागा मोकळी राहील आणि पुन्हा बघायला नको. दुसऱ्यांना मातीचे मोठे वाफे आणि त्यांच्याभोवती बाकं पाहिजेत. बजेट बेताचंच आहे. काय करावं?
– एक पालक, ठाणे

उत्तर : ओटा नकोच, आणि कठड्याला लागून तर अजिबातच नको. गच्चीचा कठडा साधारण एक मीटरचा असतो, त्याला लागून ४० सेंमीचा ओटा बांधलात की त्यावर उभ्या राहिलेल्या पोरासाठी कठडा उरला ६० सेंमी, म्हणजे दुसरीतल्या मुलाच्या कमरेच्याही खालीच. आणि मुलं ओट्यावर बसत नसतात हो, उभी राहतात, पळतात, खाली कोण चाललंय बघायला वाकतात. मी कठड्यापासून दीड मीटर पट्टा पूर्ण मोकळा सोडते, तिथे बाक नाही, कुंडी नाही, जुनं डेस्कसुद्धा नाही. कठड्यावर जाळी वाढवणार असाल तर उभ्या गजांची करा, दोन गजांत १० सेंमीपेक्षा कमी अंतर. आडव्या पाइपांची केलीत तर शिडीच करून दिलीत मुलांना.

आता वजनाचं. नुसती ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब आपल्याकडे चौरस मीटरला १५० किलो धरून डिझाइन करतात, वर्गखोलीला ३०० धरतात आणि जिथे गर्दी जमते तिथे ५००. म्हणजे तुमच्या गच्चीवर खेळायला शंभर मुलं सोडायची का हाच पहिला प्रश्न आहे, बाकं नंतर, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवून लेखी घ्या, तोंडी नको. भरीव विटांचा ४० सेंमी उंच ओटा चौरस मीटरला साडेसातशे किलोच्या आसपास जातो, आणि अर्धा मीटर ओल्या मातीचा वाफा त्याहून जास्त. वाफ्यांची हौस असेल तर उथळ ट्रे घ्या, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त, माती कमी, आणि तेही इंजिनियर दाखवेल त्या बीमच्या लाइनवरच ठेवा.

मग करायचं काय, तर गॅल्व्हनाइज केलेल्या, म्हणजे गंजू नये म्हणून जस्ताचा थर दिलेल्या, पाइपची फ्रेम आणि वर सागवानाच्या नाहीतर रिसायकल प्लास्टिकच्या पट्ट्या. बोल्ट मारायला गच्चीला ड्रिल करू देऊ नका, प्लीज. फॅब्रिकेटर दहा मिनिटांत भोकं पाडून जातो, वॉटरप्रूफिंगचा कोबा फुटतो आणि जुलैत चौथ्या मजल्यावरच्या वर्गात बादल्या लागतात. त्यापेक्षा तीन बाकं एकमेकांना जोडून इंग्रजी यू आकारात करा, पायाला रबराचे पॅड, तशी जोडलेली बाकं सहजी उलटत नाहीत, मुलं आतल्या बाजूला तोंड करून बसतात आणि शिक्षकांची नजरही राहते. खालून पाणी वाहायला जागा ठेवा, पावसाच्या पाइपचं तोंड आणि टाकीकडे जायची वाट अडवू नका, जिन्याच्या दारासमोर तर काहीच नको.

उंची एकच ठेवू नका, सगळे इथेच चुकतात. पहिली-दुसरीला २८ ते ३० सेंमी पुरे, सहावी-सातवीला ३८-४०, शिक्षकांसाठी ४५ चं एखादं. पक्कं करायच्या आधी विटा रचून वर फळी टाका आणि प्रत्येक इयत्तेतलं एकेक मूल बसवून बघा, टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत. पट्ट्यांमधली फट ८ मिमीच्या आत ठेवा, ८ ते २५ च्या मधल्या फटीत बोट जातं आणि अडकतं. कडा गोल, बोल्टची टोकं खालच्या बाजूला आणि त्यावर टोपी.

कडप्प्याचं म्हणाल तर काळा दगड मार्चच्या उन्हात असा तापतो की हाफ पँटमधलं मूल बसूच शकणार नाही, उघडं लोखंडही तसंच. सावलीला हिरवी नेट चालेल, पण वाऱ्याने ती जबरदस्त ओढ घेते, म्हणून दोऱ्या कठड्याला नाही, इंजिनियरने ठरवलेल्या खांबांनाच बांधा आणि मे संपता संपता काढून घडी करून ठेवा. डब्याची सुट्टी बाराची असेल तर ऊन डोक्यावर, तेव्हा जिन्याच्या खोलीची सावली फारशी कामाला येत नाही, तिच्या भरवशावर बाकं मांडू नका.

प्रश्न : जुने टायर रंगवून मुलांना बसायला केले तर? फुकट मिळतायत.
– एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : दिसतात छान, पण टायरच्या पोटात पावसाचं पाणी साठतं आणि डेंग्यूच्या डासांना तेवढंच हवं असतं. करायचेच तर खालच्या बाजूने मोठी भोकं पाडा, रेडियल टायरमध्ये स्टीलच्या तारा असतात त्या कुठून बाहेर आल्यायत का हात फिरवून बघा, आणि पावसाळ्यात आत, छपराखाली घ्या. गच्चीवर ऊन असेल तर ते काळं रबर मी नाही वापरणार, त्याच कष्टात चार लाकडी चौरंग होतात.