पिल्लू, पिळ्ळै आणि कच्चं लिंबू

प्रश्न आलाय तो असा: इंग्रजी ‘फ्लेजलिंग’ म्हणजे नुकतं उडू लागलेलं पाखरू, आणि एखाद्या क्षेत्रात नुकताच उतरलेला माणूससुद्धा. दोन्हींना पुरेल असा एकच मराठी शब्द सांगा. ‘नवोदित’ चालेल का?

नाही चालणार. नवोदित म्हणजे नुकता उगवलेला. त्यात सूर्य आहे, चंद्र आहे, पाखरू कुठेच नाही. शिवाय सूत्रसंचालकांनी हा शब्द पार झिजवलाय. तीन संग्रह नावावर असलेले पन्नाशीचे कवी दर संमेलनात नव्याने उगवतात!

पक्ष्यापुरतं विचाराल तर पिल्लू. फारच नेमकं हवं असेल तर ‘पंख फुटलेलं पिल्लू’ म्हणा. आमच्या खिडकीखाली जास्वंदीत बुलबुलाचं घरटं होतं. त्यातलं एक आखूड शेपटीचं, पिवळ्या जबड्याचं पिल्लू खाली उड्या मारत होतं, आईबाप येऊन भरवत होते. शेजाऱ्यांनी ‘पडलं बिचारं’ म्हणत तीनदा उचलून घरट्यात ठेवलं, तीनदा ते बाहेर आलं. ते पडलं नव्हतं, निघालं होतं.

पण खरी गंमत ‘पिल्लू’ या शब्दातच आहे. एक संस्कृतप्रेमी स्नेही हा शब्द ‘पेलव’ म्हणजे नाजूक यावरून आणतात. आणोत. मराठीतला प्रत्येक शब्द गंगेकाठाहूनच यायला हवा असा हट्ट असला की कावेरीकडे लक्ष जात नाही. तमिळमध्ये ‘पिळ्ळै’ म्हणजे मूल, तेलुगूत ‘पिल्ल’ म्हणजे पोर किंवा जनावराचं पिल्लू. ‘तोल्काप्पियम्’ या प्राचीन तमिळ व्याकरणग्रंथातल्या ‘मरपियल’ प्रकरणात कुठल्या प्राण्याच्या पिल्लाला काय म्हणावं याचे नियम आहेत, आणि तिथे स्वच्छ सांगितलंय की ‘पार्प्पु’ आणि ‘पिळ्ळै’ हे शब्द उडणाऱ्यांच्या पिल्लांसाठी. पुढे तमिळ माणसाने तो लाडाने सगळ्यांना लावला: मुंगसाला ‘कीरिप्पिळ्ळै’, नारळाच्या रोपाला ‘तेन्नम्पिळ्ळै’. आता जळगावच्या केळीच्या बागेत जा. खोडाच्या बुडाशी फुटणाऱ्या कोंबांना शेतकरी काय म्हणतो? पिलं! त्यांच्यावर धरलेली बाग ती पिलबाग. तिकडे नारळ, इकडे केळ. ‘पेलव’वाल्यांनी हे जुळवून दाखवावं.

जाता जाता माझा एक लाडका तर्क. ‘चिल्लीपिल्ली’तली चिल्ली ही नुसती यमकासाठी आलेली नाही. कन्नडमध्ये सुट्या पैशांना ‘चिल्लरे’, तमिळमध्ये ‘सिल्लरै’, आपल्याकडे चिल्लर. तोच बारकेपणा चिल्लीत आहे. म्हणजे चिल्लीपिल्ली ही घरातली चिल्लरच. स्नेह्यांना हेही पटत नाही. दोन दिवाळ्या झाल्या, फराळाच्या ताटावरून आम्ही एकमेकांना पुरावे सरकवतोय.

हां, माणसाचं राहिलंच. माणसाला पंख फुटले की मराठी त्याचं कौतुक करत नाही, टोमणा मारते: ‘फार पंख फुटलेत हल्ली!’ कुणी पिल्लू सोडलं तर ती अफवा असते. नवशिक्यासाठी आपली भाषा पाखरांकडे जातच नाही, ती स्वयंपाकघरात शिरते. लपाछपीत धाकट्या भावाला घ्यावंच लागतं, तेव्हा तो कच्चं लिंबू. सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. मोठ्यांच्या जगात तोच लिंबूटिंबू होतो. आणि पुढे वर्षानुवर्षं त्याच धंद्यात राहिला की आपण म्हणतो, ‘मुरलेला आहे.’ मुरतं काय? लोणचं. कच्च्या लिंबापासून मुरलेल्या लोणच्यापर्यंत अख्खी कारकीर्द एका बरणीत!

तेव्हा दोन्हींना मिळून एक शब्द मागू नका. गंभीर लेखात ‘नवशिका’ किंवा ‘नवखा’ लिहा, गप्पांत लिंबूटिंबू. पन्नाशीच्या कवींना नुसतं कवी म्हटलं तरी चालेल.