गॅरेजच्या दारातून : पलटणीतून निघालेली गाडी

गेल्या अंकात सहज लिहून गेलो की माझ्या दारात सैन्यातून निघालेली एक मारुती जिप्सी उभी असते. महिनाभरात त्यावरच पत्रं आली, म्हणून या वेळचं सदर तिलाच दिलंय. मी ईएमईत, म्हणजे सैन्याच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, गाड्यांचा मेकॅनिक होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि आता साताऱ्याजवळ गॅरेज चालवतो. तेव्हा जे लिहिलंय ते बोनेटखाली डोकं घालून शिकलेलं आहे.

प्रश्न : हरियाणातला एक डीलर आर्मीची २००६ ची जिप्सी अगदी स्वस्तात देतोय. 'गाडी आधी घेऊन जा, कागद मागून पाठवतो' म्हणतो. घ्यावी का? — एक वाचक, कऱ्हाड

नाही. कागद मागून येत नसतात, मागून फक्त फोन बंद लागतो.

सैन्यातल्या गाडीला आरटीओचं पासिंग नसतं. तिच्या नंबरप्लेटवर वर टोक केलेला बाण, मग दोन आकडी साल, मग अक्षर आणि क्रमांक असतो. ती सैन्यातून बाहेर पडली की नागरी नोंदणी नव्यानं करावी लागते आणि त्यासाठी विक्री करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याचं मूळ विक्रीपत्र, फॉर्म २१, लागतं. झेरॉक्स चालत नाही. फॉर्म २० वर अर्ज होतो आणि गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते.

आधी हे विचारा की गाडी लिलावात 'गाडी' म्हणून विकली गेली की 'भंगार' म्हणून. हे लिलाव आता बहुतेक एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन पोर्टलवर होतात, आणि लॉटच्या वर्णनात ते स्पष्ट लिहिलेलं असतं. भंगार म्हणून सुटलेल्या गाडीला पुन्हा नंबर मिळायचा नाही, मग तिचं इंजिन कितीही गोड वाजू दे. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं उलटलेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या स्क्रॅपिंग केंद्रात जायच्या, असा केंद्राचा नियम आहे. देशाच्या संरक्षणासाठी वापरातल्या खास गाड्यांना त्यातून सूट आहे, पण तुमचा डीलर ज्या लॉटबद्दल बोलतोय तो कधीचा आणि कोणत्या अटीवरचा, हे कागदावर बघा, त्याच्या तोंडून ऐकू नका.

डीलरनं ती आधीच त्याच्या राज्यात स्वतःच्या नावावर पास करून घेतली असेल तर काम सोपं आहे. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हस्तांतराचे २९ आणि ३०, आणि इथला टॅक्स. एवढं मिळत असेल तर वीस-तीस हजार जास्त गेले तरी तीच घ्या.

आणि चेसिसवरचा नंबर स्वतः वाचा. रंग सॅण्डपेपरनं हलक्या हातानं काढायचा, वर पातळ कागद धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी घासायची. उमटलेला आकडा विक्रीपत्राशी एकेक अक्षर लावून बघा. मी हे का सांगतोय? २०१२ साली माझी जिप्सी मी घेतली तेव्हा विक्रीपत्रात एके ठिकाणी ३ च्या जागी ८ पडला होता. पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या गाड्या तपासणाऱ्या माणसानं स्वतःची तपासली नाही! दुरुस्तीचं पत्र यायला नऊ महिने गेले. चूक ज्या बाबूची असेल त्याची असो, तेवढा काळ गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली होती आणि आमच्या कोंबड्या मागच्या सीटखाली अंडी घालत होत्या. सौ. म्हणायची, गाडीचं पहिलं उत्पन्न.

प्रश्न : बघितलेल्या जिप्सीचं रनिंग फक्त ४१ हजार किलोमीटर आहे. म्हणजे इंजिन नवंच समजायचं ना? — एक वाचक, बारामती

किलोमीटरवर जाऊ नका. लडाखला थंडीत आम्ही रात्रीतून कितीदा तरी इंजिन चालू करून ठेवायचो, नाहीतर सकाळी ते हलायचंच नाही. गाडी जागच्या जागी, काटा तसाच, पण पिस्टन-रिंग घासतायत. वर स्पीडोमीटरची केबल तुटली तर दुसरी येईपर्यंत गाडी तशीच पळते. कार डायरी, म्हणजे गाडीच्या रनिंगची नोंदवही, मिळाली तर सोनं, पण ती सहसा गाडीबरोबर येत नाही.

त्यापेक्षा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायला लावा. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ असायला हवेत. एक जरी बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून खाली असेल तर भाव पाडा. इंजिन कोणतं तेही बघा. जिप्सी १९८५ ला आली तेव्हा ९७० सीसीची होती, १९९६ ला १२९८ सीसीची किंग आली आणि २००० च्या सुमारास त्याच आकाराला कार्बुरेटरऐवजी एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शन, लागलं, ८० हॉर्सपॉवरचं. सैन्यातल्या मिश्र लॉटमध्ये कुणाच्या पोटात कुणाचं इंजिन असेल सांगता येत नाही. इंजिन नंबर कागदाशी जुळला नाही तर पुन्हा पहिल्या प्रश्नाकडं वळा.

खरं वाचायचं असेल तर गाडीखाली आडवं व्हा. मागच्या शॅकलजवळ, म्हणजे पाटा चेसिसला लटकतो तिथं, कुठं वेल्डिंग आहे का, पाट्यांमधलं एखादं पान तुटलंय का, रबर मॅटखाली फ्लोअरचा पत्रा बोटानं दाबला तर आत जातो का, हे बघा. लडाखची गाडी पत्र्यानं धडधाकट आणि इंजिनानं थकलेली निघते. राजस्थानची असेल तर सगळ्या सांध्यांत वाळू. ईशान्येकडची किंवा किनाऱ्यावरची असेल तर वरून रंग चकचकीत आणि आतून चाळण.

आणि एक गंमत सांगतो. मोठ्या साहेबाचं इन्स्पेक्शन आलं की पलटणीत ब्रश निघतो आणि गाडी रंगवली जाते, वरून, खालून, जिथं ब्रश पोचेल तिथं. त्या घाईत ग्रीस निपलसुद्धा, म्हणजे ग्रीस भरायची बारीक तोंडंसुद्धा, रंगतात. माझ्या गाडीच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवरचं, म्हणजे चाकांकडं जोर नेणाऱ्या दांड्याच्या सांध्यावरचं, निपल मी सुईनं खरवडलं तेव्हा रंगाचे सहा थर निघाले, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. म्हणजे सहा इन्स्पेक्शनं तो क्रॉस ग्रीसशिवाय फिरत होता. निपल रंगलेलं दिसलं की समजायचं, इथं बऱ्याच दिवसांत ग्रीसगन लागलेली नाही.

प्रश्न : पन्नास-साठच्या वेगाला खड्डा लागला की स्टीअरिंग थडथड उडतं, गाडी थांबवावीच लागते. मेकॅनिक म्हणतो स्टीअरिंग डॅम्पर बदलू. — एक वाचक, जुन्नर

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. डॅम्पर म्हणजे स्टीअरिंगचे झटके शोषणारा दांडा. तो नवा लावला की महिनाभर थडथड दबते आणि मग दुप्पट होऊन येते.

आधी स्वस्तातलं बघा. चाकांचं बॅलन्सिंग, टायरमधली हवा, टाय रॉडचे एण्ड. मग पुढचं चाक जॅकवर उचला, एक हात टायरच्या माथ्यावर, एक तळाशी, आणि आत-बाहेर हलवा. खट् असा आवाज आला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खट् बंद झाली तर चाकाचं बेअरिंग ढिलं. तरीही येत असेल तर किंगपिनचं.

जिप्सीत जुन्या पद्धतीचा अखंड पुढचा अॅक्सल असतो. त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी गोळा आणि त्याच्या वर-खाली किंगपिनची दोन बेअरिंग, ज्यांवर चाक वळतं. गाडी बहुतेक वेळ सरळच धावते, त्यामुळं बेअरिंगचे रोलर एकाच जागी ठोकले जातात आणि रिंगवर खळगे पडतात. काढून उजेडात धरली की बोटाच्या नखाला ते खळगे लागतात. मग नवी बेअरिंग आणि त्यांच्यावर शिम, म्हणजे पातळ चकत्या, मोजून. शिम अंदाजानं घालू नका. नकलच्या, म्हणजे चाकाबरोबर वळणाऱ्या भागाच्या, टोकाला भाजीवाल्याकडचा असतो तसला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढायचं आणि किती वजनाला ते हलतं ते मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचं. तुमच्या मेकॅनिकला हा काटा माहीत नसेल तर मेकॅनिक बदला.

उघडलंच आहे तर आतलं ऑइल सीलही बदला. त्या गोळ्यातून पातळ काळं तेल गळत असेल तर ते सील गेलेलंच आहे. डिफरन्शियलचं, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना कमी-जास्त फिरू देणाऱ्या गिअरच्या गोळ्याचं, तेल आत येतं आणि ग्रीस धुऊन नेतं.

प्रश्न : आमचे 'हे' जिप्सी कायम फोर बाय फोरमध्येच चालवतात, हायवेलासुद्धा. म्हणतात ग्रिप चांगली राहते. वळताना मात्र गाडी अडखळल्यासारखी होते. रविवारी समुद्रावर नेतात ते वेगळंच. — एक वाचक, दापोली

ताई, हे उत्तर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.

जिप्सीला पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये तिसरं डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वाटेनं जातात, पण फोर बाय फोर लावलं की पुढच्या-मागच्या शाफ्टना सारखंच फिरावं लागतं. चिखलात, वाळूत टायर थोडा घसरतो आणि हिशेब जुळतो. डांबरावर घसरायला जागा नाही, म्हणून ताण शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढं-मागं जोर वाटणाऱ्या गिअरच्या पेटीत, साठत जातो. तुम्हाला जाणवतं ते अडखळणं म्हणजे तोच ताण. कधी लिव्हर अडकून बसला तर चार-पाच फूट गाडी मागं घ्या, सुटेल. लिव्हर डांबरावर टू-हाय, म्हणजे फक्त मागची चाकं. निसरड्याला फोर-हाय. खडी चढण, खोल चिखल, दुसऱ्याची गाडी ओढायची असेल तर फोर-लो. सैन्यात नवा ड्रायव्हर डांबरावर फोर बाय फोर लावून आला की उस्ताद त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे. घरात तेवढा अधिकार तुम्हाला असेलच.

समुद्रावर गाडी नकोच. तुमच्या जवळच आंजर्ले, वेळासला कासवं वाळूत अंडी घालतात, आणि गाडीनं दबलेल्या वाळूतून पिल्लाला वर येता येत नाही. आणि खाऱ्या पाण्याचं म्हणाल तर चेसिसच्या पोकळ पेटीत शिरलेलं मीठ नळीनं धुऊन निघत नाही.

ओढ्यातून गाडी काढली असेल तर दुसऱ्या दिवशी डिफरन्शियलचा नट ढिला करून दोन थेंब बोटावर घ्या. तेल चहासारखं दुधाळ दिसलं की पाणी शिरलंय. गरम हौजिंग पाण्यात बुडालं की गार होताना ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या बारीक भोकातून, पाणी आत ओढतं. त्याच दिवशी तेल काढा.

प्रश्न : हिरवा रंग आणि बाणाची प्लेट तशीच ठेवली तर चालेल का? — एक वाचक, लातूर

नाही. ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, हे मोटार वाहन नियमांत १२१ व्या नियमात आहे. बाणाची प्लेट उतरवून पेटीत ठेवा.

प्रश्न : पावसाळाभर गाडी उभी होती. आता सेल्फ मारून बॅटरी उतरली तरी चालू होत नाही. कार्बुरेटरवाली आहे. — एक वाचक, भोर

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं. आपल्याकडच्या पावसात तीन महिने म्हणजे पुष्कळ झाले. टाकी रिकामी करा, काढलेलं पेट्रोल काचेच्या बरणीत तासभर ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर पाणी. कार्बुरेटरमधली पेट्रोल साठायची वाटी, फ्लोट चेंबर, साफ करा. जुन्या रबरी नळ्या दोन बोटांत वाकवून बघा. भेगा पडल्या असतील किंवा चिकट लागत असतील तर इंजेक्शन गाडीच्या दर्जाच्या नळ्या घाला, कारण जुन्या रबराला इथेनॉल पचत नाही. हे फालतू काम समजू नका, गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकतं ते इथूनच.

पुढच्या पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गाडी पाच-सात किलोमीटर फिरवा. नुसती जागेवर घुरघुरवू नका. ब्रेकचे ड्रम, क्लच, बेअरिंग हे सगळं फिरल्यानंच जिवंत राहतं.

प्रश्न : धोनीची जोंगा बघून मलाही घ्यावीशी वाटते. इथल्या एका गाडीच्या मागच्या डिफरन्शियलचा गोळा पांढरा रंगवलाय. कशासाठी? — एक वाचक, अहिल्यानगर

जोंगा ही सैन्याचीच जुनी जीपसारखी गाडी, आणि हे नाव जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावातल्या अक्षरांवरून पडलं. मूळ गाडी निसानची 'पॅट्रोल', इंजिन सहा सिलिंडरचं, ३९५६ सीसी. पुढचं लांब नाक उघडलं की आत उभं राहून काम करता येईल एवढी जागा. पण ती पेट्रोल पिते, चार-पाचच्या वर अॅव्हरेजची आशा धरू नका, आणि सुटे भाग दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारातून शोधून आणावे लागतात. कुणी आधीच डिझेल इंजिन बसवलं असेल तर तो बदल आरसी बुकात चढलाय का ते बघा. नसेल तर हात लावू नका.

आता पांढऱ्या गोळ्याचं. रात्री कॉन्व्हॉय, म्हणजे सैन्याच्या गाड्यांचा ताफा, चालतो तेव्हा हेडलाइट बंद असतात. मागच्या गाडीला पुढची दिसावी म्हणून गोळा पांढरा रंगवतात आणि त्याच्यावर एक बारीकसा दिवा असतो. आकाशातून दिसत नाही, मागच्या ड्रायव्हरला तेवढा दिसतो. मी एकदा असाच अख्खी रात्र एका पांढऱ्या गोळ्याच्या मागं गेलोय. तो वळला की वळायचं, थांबला की थांबायचं. पहाटे उजाडलं तेव्हा कळलं की डाव्या हाताला रस्ताच संपत होता आणि खाली नदी होती.