तिसरीतल्या मुलाला वाचता येत नाही, शाळा म्हणते स्पेशल शाळेत घाला. अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे बुद्धी असूनही वाचणं-लिहिणं अडतं त्याचं, सर्टिफिकेट काढलं तर शिक्का बसेल का?

शिक्का तर बसलाच आहे. वर्गात त्याला 'ढ' म्हणतात, हे तुम्हीच लिहिलंय. आणि चुकलेला प्रत्येक शब्द तुम्ही रोज 50 वेळा लिहून घेता, हेही. ते वाचून राहवलं नाही.

माझा मुलगा 2012 साली तिसरीत होता, मराठी माध्यमात. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, कायम अदलाबदल. 'किल्ला' सांगितला की 'कील' लिहायचा. बाई म्हणायच्या, लक्ष नसतं त्याचं. मी तो शब्द शंभर वेळा लिहायला बसवायचे. पहिल्या वीसेक ओळी वर बघून बघून बरोबर यायच्या. मग कुठेतरी एकदा 'किला' पडायचा आणि तिथून खाली पानभर 'किला'च. वही नाकासमोर धरून मी ओरडायचे, "दिसत नाही का तुला?" तो रडत म्हणायचा, "सारखंच तर आहे." तो खरं बोलत होता, हे कळायला मला सहा वर्षं लागली.

हाच मुलगा आजीला आग्र्याहून सुटकेची गोष्ट पेटाऱ्यांसकट रंगवून सांगायचा. पेपरात मात्र त्याच प्रश्नाला दोन ओळी, त्याही न लागणाऱ्या.

आमचे मोठे भाऊजी हायस्कूलला शिक्षक, पुढे मुख्याध्यापक झाले. घरात शिक्षणाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. "लाडावलंय पोरगं. डॉक्टरचा कागद आणलात तर जन्मभर तोच दाखवत फिरेल." मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

नववीत एका नवीन बाईंनी मला बोलावून सांगितलं, "ताई, याची परीक्षा तोंडी घेतली तर हा पहिल्या दहात येईल. चाचणी करून घ्या." सरकारी दवाखान्यात तीन खेपा झाल्या. आधी डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी. तिथल्या मॅडमनी मला कागदावर 'कि' काढून दाखवला. वेलांटी डोळ्याला आधी दिसते, पण तिचा उच्चार क च्या नंतर. 'सूर्य'मधला र बोलताना य च्या आधी येतो आणि लिहिताना य च्या डोक्यावर बसतो. आपल्याला हे जुळवावं लागतं याची जाणीवसुद्धा नसते. त्याला प्रत्येक शब्दाला ते जुळवावं लागत होतं, आणि मी वर शंभर वेळा लिहायला लावत होते.

विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं सर्टिफिकेट मिळालं. 2019 ला दहावीला बोर्डाकडून लेखनिक, म्हणजे तो सांगेल ते पेपरात लिहिणारा, आणि जादा वेळ मंजूर झाला. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणून शेजारची नववीतली मुलगी तयार झाली. एक गोष्ट कोणीच सांगत नाही: उत्तर सांगून लिहून घेणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. सुरुवातीला तो एका दमात सगळं बोलून मोकळा व्हायचा आणि ती पेन उचलून म्हणायची, "दादा, थांब, अजून पहिल्याच वाक्यावर आहे मी." दिवाळीपासून रोज संध्याकाळी ओट्याशेजारच्या टेबलावर दोघं बसायची. अर्धं वाक्य सांगायचं, उरलेलं डोक्यात धरून ठेवायचं, पूर्णविराम सांगायचा, मग पुढे. फेब्रुवारीपर्यंत जमलं. 68 टक्के पडले.

पेढे द्यायला गेले तर भाऊजी म्हणाले, "मार्क छान आहेत, पण लिहिलं दुसऱ्यानं." तेव्हा मी गप्प बसले. आज सांगते. त्या मुलीनं एक शब्द पदरचा घातला नाही. घालेल कशी, पर्यवेक्षक शेजारी बसलेला असतो. भाऊजी स्वतः शाळेची सगळी पत्रं कारकुनाला तोंडी सांगायचे आणि खाली सही करायचे. ती पत्रं कारकुनाची होती असं कोणी कधी म्हणालं नाही. माझ्या मुलाचे 68 टक्के त्याचेच आहेत.

आता तुमचं. स्पेशल शाळेत घालू नका. आठवीपर्यंत शाळा त्याला काढू शकत नाही, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, आणि ती लवकरात लवकर ओळखून त्याप्रमाणे शिकवणं ही शाळेची जबाबदारी आहे, असं त्यात लिहिलंय. तोंडी बोलू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांना भेटा. त्यांच्याकडे बऱ्याच शाळा असतात, एका खेपेत भेट होईलच असं नाही. पाठ सोडू नका.

सर्टिफिकेट साधारण 8 वर्षांपासून मिळतं, पुढे पुन्हा तपासणी होते. म्हणजे तुमची वेळ आत्ताच आलीय. आमच्यासारखं नववीपर्यंत थांबू नका.

हेही सांगायला हवं की सावकाश वाचणारं प्रत्येक मूल अध्ययन अक्षम नसतं. नजर, कान, घरची भाषा वेगळी, वर्गात धड शिकवलंच नाही, काहीही असू शकतं. ते चाचणीत कळेल. आणि सर्टिफिकेटनं वाचता येत नाही. त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा रेमेडियल, म्हणजे अशा मुलांसाठीचं वेगळ्या पद्धतीचं शिकवणं, लागतं, वर्षानुवर्षं लागतं, आणि खाजगीत महाग पडतं. माझा मुलगा अजूनही सावकाशच वाचतो.

चाचणीची तारीख मिळेल तेव्हा मिळेल. ती 50 वेळा लिहायची वही मात्र आज रात्रीच बंद करा, आणि त्याचा धडा तुम्ही त्याला वाचून दाखवा.