वाचक विचारतात : स्लीपिंग बॅगेत लायनर कसला घ्यावा?

प्रश्न : दादा, डिसेंबरच्या शेवटी आम्ही मैत्रिणी उत्तराखंडात केदारकंठाच्या ट्रेकला चाललोय, स्लीपिंग बॅग तिकडंच भाड्यानं मिळणार आहे पण लायनर, म्हणजे बॅगेच्या आत घालायची कापडी खोळ, स्वतःचा आणा म्हणून सांगितलंय. ऑनलाइन बघितलं तर सिल्क, फ्लीस, थर्मल, कॉटन असं कायकाय आहे आणि एकावर तर १५ डिग्री जादा ऊब असं लिहिलंय, हे खरं असतं काय? थंडीत पन्हाळ्याच्या पलीकडं आम्ही कधी झोपलेलो नाही.
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : त्या १५ डिग्रीवर अजिबात विसंबू नका. सिल्कच्या पातळ लायनरनं दोन-चार डिग्रीचा फरक पडला तरी पुष्कळ झालं, लोकरीसारख्या जाड फ्लीसनं थोडा जास्त पडेल. म्हणून लायनर मागवायच्या आधी बॅग देणाऱ्यांना फोन लावा आणि बॅगेचं कम्फर्ट रेटिंग किती आहे ते विचारा. चांगल्या बॅगेवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तापमानाचे आकडे असतात, त्यातला एक्स्ट्रीम म्हणजे कसाबसा जीव तगेल एवढंच, त्या थंडीत झोप लागत नाही. कम्फर्टचा आकडा बाईमाणसाच्या हिशोबानं काढलेला असतो आणि लिमिटचा पुरुषाच्या, त्यामुळं तुम्ही सगळ्याजणी कम्फर्टच बघा. तिकडं डिसेंबरात रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो, बॅगच कमी पडणारी असेल तर लायनर काही करू शकत नाही, सरळ दुसरी बॅग मागा.

बॅग बरोबर असेल तर माझं मत सिल्कलाच. वजन १५० ग्रॅमच्या आसपास, घडी मुठीत मावते, धुतला की लगेच वाळतो, आणि भाड्याच्या बॅगेत आधी कोण कोण झोपलंय कुणाला माहीत, अंगाला आपलं स्वच्छ कापड असलेलं बरं. फ्लीस ऊबदार असतो हे खरं, पण पायाकडं निमुळत्या होत जाणाऱ्या बॅगेत त्याची गर्दी होते, आतनं भरण दाबलं जातं आणि दाबलेल्या भरणात हवा राहत नाही म्हणजे ऊबही राहत नाही. शिवाय लोकरीच्या कपड्यांना तो धरतो, कूस बदलली की सगळा पायात गुंडाळतो आणि रात्री लघवीला उठायची वेळ आली की अंधारात नाडी कुठं आणि चेन कुठं ते सापडत नाही. सिल्क सरकतो. लायनर आला की थर्मलचे कपडे आणि लोकरीचे मोजे घालून घरीच एक रात्र त्यात झोपून बघा.

आणि मॅट! पाठीखाली बॅग दबलेली असते, गारठा जमिनीतनंच वर येतो, तेव्हा तिथं मॅट कसली देतात तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

प्रश्न : मसाई पठारावर जानेवारीत तंबू टाकणार आहे. आईच्या जुन्या सुती साडीची खोळ शिवली तर चालंल का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : चालंल की, जरूर शिवा. आपल्याकडच्या थंडीला ती बास होते. बॅगेच्या आतल्या मापापेक्षा चार बोटं सैल ठेवा, डोक्याकडं उशी आत जाईल एवढं कापड जास्त सोडा आणि एका बाजूची शिवण कमरेपर्यंतच घाला म्हणजे उठताना अडकायला होत नाही. पण सुती कापड घाम आणि दव धरून ठेवतं, सकाळी गुंडाळायच्या आधी उन्हात पसरा, आणि बर्फात जाताना मात्र ही खोळ घरीच ठेवा.