'भगिनी प्रजाती' की 'भावंड-जाती'?

विचारणा अशी: नांदेडकडचे एक आरोग्यसेवक हिवतापाच्या प्रशिक्षणाची टिपणं मराठीत करताहेत. 'ॲनोफिलिस क्युलिसिफेसिस' या डासाच्या 'सिब्लिंग स्पीशीज'ना (दिसायला सारख्या, पण आपसांत न जुगणाऱ्या जातींना) त्यांनी 'भगिनी प्रजाती' म्हटलंय आणि डीएनएवरून त्या ओळखायच्या पद्धतीला 'गुणसूत्र चाचणी'. हे शब्द चालतील का?

माझ्या मते दोन्ही बदलावेत.

आधी 'प्रजाती'. आपल्या शाळेच्या पुस्तकांतली उतरंड कुल, प्रजाती, जाती अशी आहे. म्हणजे ॲनोफिलिस ही प्रजाती आणि क्युलिसिफेसिस ही तिच्यातली जाती. वर्तमानपत्रांत 'प्रजाती' जातीच्या जागी येऊन बसलाय, पण शास्त्राच्या टिपणात ही सरमिसळ नको. खरी अडचण 'जात' या शब्दाची आहे. आपल्याकडे देवणी ही गाईची एक जात, लाल कंधारी दुसरी. बदनापूरची बीडीएन ७११ ही तुरीची जात. देवणी आणि लाल कंधारी शेजारी बांधल्या तर पोरसुद्धा ओळखतं, पण त्यांचा संकर सहज होतो. शास्त्राच्या हिशेबी त्यांची जाती एकच. डासांचं नेमकं उलटं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पंख, सोंड, पाय सगळं सारखं दिसतं, पण निसर्गात ते आपसांत जुगत नाहीत. म्हणून जाती वेगळ्या. हा फरक टिपणात दोन ओळींत आलाच पाहिजे, नाहीतर ऐकणारा 'जाती' म्हणजे वाण समजेल.

आता 'भगिनी'. 'सिस्टर स्पीशीज' ही निराळी संज्ञा आहे: वंशवृक्षावर एकाच फाट्यातून फुटलेल्या दोन जाती, मग त्या दिसायला कितीही वेगळ्या असोत. 'भगिनी' तिच्यासाठी राखून ठेवावा. 'जुळ्या जाती' कानाला गोड लागतं, पण जुळी दोनच असतात आणि क्युलिसिफेसिसमध्ये ए, बी, सी, डी, ई अशा पाच आहेत. 'भावंड-जाती' मला सगळ्यांत चपखल वाटतो. पाचांना मिळून 'जातीसमूह' म्हणावं; इंग्रजी 'कॉम्प्लेक्स'साठी 'संकुल' म्हटलं की दुकानांचे गाळे डोळ्यापुढे येतात.

'गुणसूत्र चाचणी' हे नाव खरोखर अस्तित्वात असलेल्या दुसऱ्याच पद्धतीचं आहे, म्हणून ते इथे चुकतं. ए आणि बी १९८० मध्ये वेगळ्या ओळखल्या गेल्या त्या गुणसूत्रांवरच्या पट्ट्यांवरून. त्याला अंडाशयातल्या पोषक पेशी लागतात, तेही अर्धी अंडी भरलेल्या मादीच्या. उपाशी मादी, नर, अळी यांचा तिथे उपयोग नाही. पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो ओळखायच्या पद्धतीला, यातलं काहीही चालतं, वाळलेला एक पाय पुरतो.

म्हणून टिपणात 'डीएनए चाचणी' किंवा सरळ 'पीसीआर' लिहावं, आणि कृतीही नीट द्यावी. गोठ्यातून पकडलेला प्रत्येक डास वेगळ्या नळीत, सिलिका जेलवर कोरडा किंवा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. फॉर्मालिनमध्ये ठेवला तर डीएनए खराब होतो. चिठ्ठी पेन्सिलने लिहून नळीच्या आत टाकावी, कारण अल्कोहोलमध्ये पेनची शाई धुऊन जाते. पाय घ्यावा, पोट नको: पोटातल्या रक्तातलं हिमोग्लोबिन पीसीआरला अडवतं, शिवाय गाईचा किंवा माणसाचा डीएनए मिसळतो. मग '२८एस' जनुकाच्या डी३ भागावर पहिली चाचणी. ती ए-डी एकीकडे आणि बी-सी-ई दुसरीकडे करते. पुढची फोड 'सीओ-२' या मायटोकाँड्रियातल्या जनुकावर होते. प्रत्येक खेपेला जाती माहीत असलेला एक नमुना आणि नुसत्या पाण्याची एक नळी हवीच. या प्रती जेलवर पट्टीच्या रूपात दिसतात. पाण्याच्या नळीची पट्टी उमटली तर भेसळ झाली, सगळी खेप बाद. डासाच्या नमुन्याची पट्टी उमटलीच नाही तर तो 'निकाल नाही'. त्यावरून जाती ठरवू नये. चूक बहुधा इथेच होते.

पहिल्याच चाचणीवर थांबायचं नाही, याचं कारणही टिपणात द्यावं. बी बहुतांशी गुरांवर पोसते, हिवताप पसरवण्यात तिचा वाटा फारच थोडा. रामेश्वरम बेटावर सापडलेली ई मात्र हिवतापाची वाहक आहे, आणि डी३ चाचणीत दोघी एकाच गटात पडतात.

टिपणासाठी वाक्य असं करता येईल: 'क्युलिसिफेसिस हा पाच भावंड-जातींचा समूह आहे; त्या दिसायला सारख्या असल्या तरी आपसांत जुगत नाहीत, त्यामुळे त्या डीएनए चाचणीने ओळखाव्या लागतात.'