इमारतभर दुखणी, पण आमवात किती जणांना?

प्रश्न : आमच्या सोसायटीत चाळिशी ओलांडलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात कोणाचे तरी गुडघे, कंबर किंवा मान दुखते. शहरी राहणीमुळे संधिवात वाढला आहे का? माझी बोटे अधूनमधून दुखतात म्हणून रक्त तपासले, तर ‘आरए फॅक्टर’ (आमवाताच्या शंकेपोटी करतात ती रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आला. तेव्हापासून झोप उडाली आहे.
— एक वाचक भगिनी, कोथरूड, पुणे

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे; त्यावरून निघालेली भीती मात्र बऱ्याच अंशी अनाठायी आहे. अंगदुखी-सांधेदुखी अतिशय सार्वत्रिक आहे, पण ज्याला आपण आमवात म्हणतो तो आजार (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटून ते सुजवणारा संधिवाताचा एक प्रकार) फार थोड्यांना होतो.

या विषयावरचे भारतातील एक महत्त्वाचे सर्वेक्षण पुणे जिल्ह्यातच झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ या, लोकवस्तीतील सांधे-स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी करणाऱ्या उपक्रमाच्या पद्धतीने डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये भिगवण या गावी घरोघरी जाऊन विचारपूस केली. दुखणाऱ्या जागा शरीराच्या रेखाकृतीवर नोंदवून घेतल्या आणि दुखणे असणाऱ्यांची नंतर तज्ज्ञांकडून तपासणी झाली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे 18 टक्के लोकांना दुखणे होते. आमवात मात्र हजारी पाच ते सात जणांनाच आढळला. पुढे पुणे शहरात याच पद्धतीने पाहणी झाली, तेव्हा दुखण्याचे प्रमाण सुमारे 14 टक्के, म्हणजे भिगवणपेक्षा कमीच निघाले. त्यामुळे सगळा दोष शहरावर ढकलता येत नाही. ओणव्याने खुरपणी करणाऱ्या किंवा डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या बाईच्या कंबरेला गावाकडची हवा वाचवत नाही.

सोसायटीतील बहुतेकांची दुखणी सांध्यांच्या झिजेची किंवा स्नायू आणि स्नायुबंधांवरील ताणाची असणार. ती जिने चढताना किंवा फार वेळ एका जागी बसल्यावर बळावतात आणि विश्रांतीने, हालचालीने उतरतात. वजन आटोक्यात ठेवणे आणि मांडीचे स्नायू बळकट करणे हाच त्यांवरचा मुख्य उपाय होय.

आता आपल्या रिपोर्टविषयी. निरोगी माणसांपैकीही सुमारे 5 टक्के लोकांचा आरए फॅक्टर पॉझिटिव्ह येतो आणि वयानुसार हे प्रमाण वाढते. एक हजार प्रौढांची सरसकट तपासणी केली, तर आमवात असलेले चार-पाच जण त्यात सापडतील आणि आमवात नसलेले सुमारे 50 जण उगाच घाबरतील. म्हणून लक्षणे न पाहता, केवळ ‘पॅकेज’मध्ये आहे म्हणून ही तपासणी करण्याची प्रथा मला मान्य नाही.

आपली बोटे दुखतात, तेव्हा ती डॉक्टरांना दाखवावीत हे खरे. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही आणि हा ताठरपणा तासभर टिकतो का? दोन्ही हातांच्या बोटांचे मधले किंवा मुळाशी असलेले सांधे सुजून पूर्वी सहज जाणाऱ्या बांगड्या आता अडतात का? हे सहा आठवडे चालले आहे का? उत्तरे ‘होय’ असतील, तर विलंब न करता संधिवाततज्ज्ञांकडे जावे, कारण औषधे लवकर सुरू झाल्यास सांधे वाकडे होणे बहुतांशी टाळता येते. केवळ नखांजवळच्या पेरांवर टणक गाठी असतील, तर ती बहुधा वयानुसार होणारी झीज असते.

प्रश्न : यजमानांचे युरिक ॲसिड थोडे वाढले आहे आणि गुडघे दुखतात. आम्ही घरात डाळी बंद केल्या. योग्य केले का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, डाळी पुन्हा सुरू कराव्यात. वाढलेल्या युरिक ॲसिडचा विकार बहुधा अचानक, एका रात्रीत पायाच्या अंगठ्याचा सांधा लाल होऊन ठणकू लागण्याने प्रकट होतो; हळूहळू वाढलेल्या गुडघेदुखीचे कारण बहुतेक वेळा झीज असते. असा झटका कधीच आला नसेल, तर केवळ आकडा थोडा वाढला म्हणून सहसा औषध द्यावे लागत नाही. मद्य, विशेषतः बिअर, आणि साखरयुक्त शीतपेये मात्र बंद करावीत.